देव घरी नव्हता तेव्हा

देव आहे याबद्दल मला कधी शंका नव्हती. पण माझ्यासारखीकडं बघायला त्याला सवड असेल, हे मात्र खरं वाटत नव्हतं. मी चौथीत शाळा सोडलेली बाई. माहेर कोकणात, खाडीच्या काठाला. आमच्याकडं घाटरस्त्याच्या कामाला एक टोळी आली, तिच्या मुकादमाशी माझं लग्न झालं आणि मी समुद्र सोडून या कोरड्या मुलखात आले. निजाम जाऊन थोडी वर्षं झाली होती, जिकडंतिकडं रस्त्यांची कामं निघालेली. रस्ता जसा पुढं सरके तसा आमचा तंबू सरके. पहिली लेक तंबूतच चालायला शिकली आणि तंबूतच तापानं फणफणली. ती वाचली, पण माझी आई येऊन तिला उचलून कोकणात घेऊन गेली. जाताना एवढंच म्हणाली, "तुझ्या डोक्यावर छप्पर आलं की पाठवते."

मधे एकदा मी माहेरी गेले होते. लेक माझ्या आईच्या पदराआडून माझ्याकडं बघत होती. आईलाच ती आई म्हणायची. दुसऱ्या दिवशी जवळ आली आणि मला विचारलं, "तुम्ही किती दिवस राहणार?" त्या एका वाक्यानं मी जे घर बांधायला घेतलं, त्याची ही गोष्ट.

तुळजापूर तालुक्यात रस्त्यालगतच्या एका गावात आम्ही जागा घेतली. हे कामावर, उमरग्याच्या बाजूला. पंधरवड्यानं एकदा यायचे, अंग टाकायचे आणि जायचे. म्हणून गवंडी, सुतार, माती, पाणी सगळं माझ्या गळ्यात. मी आधीच बुटकी, त्यात बोलणं कोकणी. गावाला करमणूकच झाली. मी सुतारांना उतरतं छप्पर करायला सांगितलं, आमच्याकडं असतं तसं, तर ते म्हणाले, "कोकणीनबाई, उतार करतो की, पर त्यावरनं उतरायला पाऊस कुठनं आणायचा?" इकडं माळवद घालतात. लाकडाच्या तुळया, वर फळ्या, त्यावर कडुलिंबाचा पाला आणि पाल्यावर पांढरी माती चोपायची. सपाट. त्यावर माणसं झोपतातसुद्धा. मी म्हटलं, बरं, माळवद तर माळवद. पण शिमग्याच्या आधी झालं पाहिजे. कारण माझा भाऊ शिमग्याच्या आधी लेकीला घेऊन येणार होता. तो होडीवर जाणारा, नंतर त्याला सवड नव्हती. आणि छप्पर नसेल तर आई तिला पाठवणार नव्हती. आणखी एक वर्ष गेलं असतं, तर लेकीनं मला ओळखलंच नसतं.

गवंडी होते हुसेनचाचा. उंच, पांढरी दाढी, ओळंबा सोडला की श्वास धरून उभे राहणारे. सुतार मारुतीअण्णा, ठेंगणे, तोंडानं फटकळ, पण रंधा फिरवला की लाकडाचं लोणी करणारे. दोघंही नामी कारागीर, आणि दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. काही वर्षांपूर्वी कुणाच्या तरी घराचं दार त्यांनी मिळून बसवलं होतं आणि ते अडकायला लागलं. चाचा म्हणायचे लाकूड ओलं होतं, अण्णा म्हणायचे भिंत कलली. त्या दाराला म्हणे अजूनही खांदा लावावा लागतो. गावात दुसरा गवंडी नव्हता, दुसरा सुतारही नव्हता. म्हणून मी मधे उभी राहिले. अण्णांचं चाचांना सांगायचं, चाचांचं अण्णांना. रागातला शब्द गाळायचा, कामाचा तेवढा पोचवायचा. मला वाटायचं, हे मला छान जमतंय.

भिंतीची उंची अशीच माझ्या तोंडून गेली. चाचा म्हणाले, सात हात. मी अण्णांच्या अंगणात जाऊन सांगितलं, सात हात. चाचांनी भिंत चढवली, अण्णांनी खांब कापले. पौषात एका सकाळी पहिला खांब उभा केला, तर भिंत खांबाहून वीतभरापेक्षा जास्त उंच. तुळईचं एक टोक भिंतीवर टेकायचं असतं, दुसरं खांबावर. अशी तुळई ठेवली असती तर सगळं माळवद आत कललं असतं आणि पाऊस माझ्या चुलीत पडला असता.

अण्णा भिंतीकडं पाठ करून मला म्हणाले, "सांगा त्यानला, सात हात म्हंजी सात हात. म्या बरुबर कापलंय. भिंत उतरवा म्हनावं."

चाचा वरूनच म्हणाले, "बेटी, उसको बोल, भिंत न्हाय उतरत. त्यानं खांब वाढवावा."

"खांब काय ऊस हाय व्हय वाढायला!" असं म्हणून अण्णांनी हत्यारं गोळा केली. जाताजाता म्हणाले, भूमला दुसरं काम आलंय, दोन दिवसांत तिकडं जातो. चाचाही खाली उतरले, हात धुतले आणि गेले. मी उघड्या भिंतींच्या मधे एकटी उभी राहिले. वर निळंभोर आभाळ होतं आणि मला ते बघवत नव्हतं.

ह्यांचं कुलदैवत खंडोबा. अणदूरच्या खंडोबाचं नाव ते कायम घेत. मी ठरवलं, त्याच्याच पायाशी जायचं. नवसाला निघालेल्यानं वाटेत कुणाला सांगू नये, असं माझ्या आईनं शिकवलेलं. म्हणून कुणाला न विचारता, न सांगता, रविवारी मी एसटीत बसले. देवाचा वार, तरी गाडीत गर्दी नाही, याचं मला नवल वाटलं. देवळापाशी एकच खोबऱ्याचं दुकान, तेही अर्धं मिटलेलं. तरी माझ्या काही डोक्यात आलं नाही. मी पायऱ्या चढले, घंटा वाजवली, डोळे मिटून हात जोडले आणि जे सांगायचं ते सगळं मनात सांगितलं. लेक, छप्पर, भिंत, खांब. डोळे उघडले तर समोर गाभारा रिकामा. दिवा होता, फुलं होती, देव नव्हता.

मला आधी हसू आलं आणि मग रडू. एवढी धडपडत आले आणि देवच घरी नाही!

एक म्हातारी सभामंडप झाडत होती. तिनं केरसुणी खाली ठेवली आणि माझ्याकडं बघत म्हणाली, "परगावची दिसतीस. ठावं न्हाय व्हय तुला? देव नळदुर्गाला गेलाय. त्याला दोन घरं हायती. चंपाषष्ठी झाली की तिकडं जातो, पौषाची जत्रा झाली की इकडं येतो."

मी म्हटलं, "आजी, देवाला दोन घरं, आणि मला एक होईना." आणि जे देवाला सांगितलं होतं तेच तिलाही सांगितलं. ती खांबाला टेकून ऐकत राहिली. मग म्हणाली, "बाई, देव न्यायला नळदुर्गाची मानसं येत्यात. आणायला आमची जात्यात. दोनी गावं एका जागी बसत्यात, पान-सुपारी व्हती, कधी न्यायचा, कधी आणायचा त्ये समद्यांदेखत बोलत्यात. मंग पालखी उठती. निरोपावर देव हलत न्हाय. तुजं घर निरोपावर कसं उभं ऱ्हाईल?"

तिनं गाभाऱ्यातून चिमूटभर भंडारा आणून माझ्या पदराला बांधला आणि पुन्हा झाडायला लागली. बस्, एवढंच. ती कुणी अवतार नव्हती. गुरवाची आत्या होती ती. पुढं मी तिच्या हातची भाकरी कितीदा तरी खाल्ली आहे आणि तिची बोलणीही. पण त्या रिकाम्या देवळात तिनं उच्चारलेलं वाक्य तिचं होतं की कुणी तिच्या तोंडून बोललं, हे मी आजपर्यंत ठरवायला गेले नाही. परतताना गाडीत माझं मन एकदम स्वस्थ होतं. प्रश्न सुटला नव्हता, तरी होतं.

गावात उतरले ती तशीच अण्णांच्या दारात गेले. म्हटलं, "उद्या सकाळी बांधकामावर पान खायला या. चाचाही येणार आहेत. निरोप मी यापुढं नेणार नाही."

"तो आला तर म्या तोंड फिरवून बसंन."

"फिरवून बसा. पण बसा."

चाचांना असंच सांगितलं. ते नुसते "अच्छा" म्हणाले.

सकाळी दोघं आले. मी जोत्यावर पान-सुपारी ठेवली, पदराचा भंडारा उभ्या खांबाला लावला. चाचा म्हणाले, "सात हात मोजलेत म्या." अण्णा खांबाकडं बघून म्हणाले, "सांगा त्यानला, म्याबी सातच मोजलेत." मी म्हटलं, "मी काही सांगणार नाही. मोजा इथंच, एकाच खांबावर."

अण्णांनी कोपर बुडाशी टेकवलं, बोटाच्या टोकाशी खिळ्यानं खूण केली. त्याच्यापुढं पुन्हा कोपर. वरच्या खुणा शिडीवर चढून केल्या. सातवी खूण बरोबर खांबाच्या टोकाला आली. मग चाचांनी तसंच सुरू केलं. पहिलीच खूण अण्णांच्या खुणेच्या पुढं गेली, दुसरी आणखी पुढं, आणि सातवा हात खांब संपून वर हवेतच राहिला. मग चाचांना हसू फुटलं. "अरे मारुत्या, हा हात हाय का लाटणं?"

"आन तुजा? ताडाच्या झाडाला बोटं फुटल्याली!"

इतक्या वर्षांत ते एकमेकांशी पहिल्यांदा बोलले, ते असं. पण लगेच पुढचा वाद निघाला, खरा हात कुणाचा? तेव्हा चाचा म्हणाले, "दोनी खोटं. घर ज्याचं, हात त्याचा. माझा बाप धन्याच्या हातानं माप घ्यायचा."

"धनी तर रस्त्यावर हायती," अण्णा म्हणाले.

"मग ही कोण हाय, राखणदार? ये बेटी, ठेव कोपर."

मी मागं सरले. लहानपणापासून ऐकत आले होते, हिचा हात फळीवर पोचत नाही, हिला उंचावरचं काही निघत नाही. तरी पुढं झाले आणि मोजलं. वरच्या हातांना त्या दोघांनी शिडी धरली, एकानं डावीकडून, एकानं उजवीकडून. माझा सातवा हात दोघांच्याही खाली संपला. अण्णा खुणेकडं बघत राहिले. म्हणाले, "खांब वाढवता येत न्हाय, पर कापता येतोय." चाचा म्हणाले, "भिंत चढवायला दगूड लागंल, काढायला काय लागतंय? वरचे थर काढतो." नवीन लाकूड नको, नवीन दगड नको. दोघांनाही थोडं उतरावं लागलं, म्हणून कुणीच हरलं नाही. माझ्या तोकड्या हाताचा उपयोग होईल असं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

अण्णा भूमला गेले, पण महिनाभर उशिरानं. माघात माळवदावर पांढरी माती चोपली. गावातल्या बायकांनी धुमुस घेऊन ती ठोकली आणि मला गाणंही म्हणायला लावलं. शिमग्याच्या आधी भाऊ लेकीला घेऊन दारात उभा राहिला. तिनं वर बघितलं आणि पहिला प्रश्न केला, "मामा, ह्यांच्या छपराला उतार का नाही?" मी तिला पोटाशी धरलं. ती लाकडासारखी ताठ उभी राहिली. महिन्यांमागून महिने ती संध्याकाळ झाली की म्हणायची, "मला घरी जायचंय." भिंती झाल्या, छप्पर झालं, तरी घर व्हायचं राहिलंच होतं. पण आता मला घाबरायला होत नव्हतं. रिकाम्या गाभाऱ्यापुढं बोललेलं ज्यानं ऐकलं, तो हेही ऐकील, असं मी धरून चालले.

पुढच्या पौषात मी तिला घेऊन अणदूरला गेले. मुद्दाम, देव नसताना. भरल्या देवळात नवस फेडून झाला होता. हे जाणं वेगळं होतं. तिनं गाभाऱ्यात डोकावलं. "देव कुठाय?"

म्हातारी झाडतच होती. "त्याच्या दुसऱ्या घरी."

"त्याला दोन घरं? मग तो रडत नाही?"

"पयल्या दिवशी रडत आसंल," म्हातारी म्हणाली, "मंग रुळतो."

लेक बराच वेळ त्या दिव्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "माझीपण दोन आहेत." आणि पायऱ्या उतरताना तिनं आपण होऊन माझं बोट धरलं. "आई, चल. गाडी चुकेल."

आता ती स्वतः लेकुरवाळी आहे. चाचा नाहीत, अण्णा नाहीत. त्या एकाच खांबावर तिघांच्या हातांच्या खुणा अजून दिसतात, कारण अण्णांनी तो नंतर तासला नाही. संकट आलं की मी आधी धावाधाव करते, तो माझा स्वभाव आहे. मग कधीतरी आठवतं आणि त्या खांबाला टेकून बसते. येळकोट म्हणते, आणि ज्यांच्यात बिनसलंय त्यांना पान खायला बोलावते. बाकीचं त्याच्यावर सोडते. दर पौषात त्या रिकाम्या गाभाऱ्यापुढं जाऊन हातही जोडून येते, कारण माझं पहिलं बोलणं त्यानं तिथंच ऐकलं, स्वतः घरी नसताना.