गल्लीच्या मधोमध गेलेली हद्द

बारामतीच्या नगरपालिकेत मी हंगामी कारकून होतो, तेव्हा निवडणुकीसाठी गावाचे नव्याने वॉर्ड पाडायचा हुकूम आला. आमच्या साहेबांना रंगीत पेन्सिलींची हौस. आमच्या वॉर्डाला गुलाबी शोभेल की पोपटी, यावर त्यांनी दोन दिवस विचार केला आणि हद्दी कुठून न्यायच्या हे किरकोळ काम माझ्यावर सोपवलं. मी इंदापूरचा, बारामतीत येऊन वर्षही झालं नव्हतं. कोणी कुणाला निवडून द्यायचं हे ठरवायला एवढी लायकी पुरेशी होती.

मी राहायचो ती गल्ली कालव्याच्या बाजूला, सखल भागात. पावसाळ्यात वरच्या आळीचं सांडपाणी आमच्या उंबऱ्यापर्यंत यायचं. माझ्या खोलीसमोरच्या ओळीत तात्या राहत. कालव्याच्या पाण्यावर वांगी, टोमॅटो पिकवून बाजाराला पाठवत. आदल्या पावसाळ्यात त्यांची सात वर्षांची नात विषमज्वराने गेली, तेव्हापासून गटाराशिवाय दुसरा विषय त्यांच्या तोंडी नव्हता. अर्ज करून थकले आणि आता स्वतःच उभे राहणार होते. गल्लीच्या दोन्ही ओळींनी त्यांना शब्द दिला होता. गल्लीची मतं एकगठ्ठा पडली तर तात्या येणार, हे त्यांचे विरोधकही कबूल करत.

मी मोजणीची साखळी घेऊन गल्लीत आलो, तेव्हा तात्यांनी आपण होऊन तिचं दुसरं टोक धरलं.

"हद्द कुठून घ्यावी, तात्या?"

"कुठनं म्हंजे? मधनं! शेतकऱ्याच्या पोटी आला न् बांध ठावं न्हाय व्हय तुमाला? अर्धा ह्याचा, अर्धा त्याचा. मग कुणाची तक्रार न्हाय."

बांधावरून भावकीशी त्यांनी बारा वर्षं कोर्टात काढली होती. या विषयात त्यांचा शब्द मोडणारा आसपास कुणी नव्हता. हद्द मधोमधच असते हे मलाही कुणी शिकवावं लागलं नव्हतं. साखळीचं टोक त्यांनी स्वतः गल्लीच्या मध्यावर दाबून धरलं.

मतदारांच्या याद्या उतरवायला बसलो, तेव्हा आम्ही काय केलं ते कळलं. तात्यांची ओळ एका वॉर्डात, माझी दुसऱ्यात. मी साहेबांकडे गेलो.

"साहेब, ही गल्ली दुभंगते आहे."

"रंग भरून झाला."

"खोडता येईल."

"खोडलं की कागद फाटतो." मग नकाशावरून मान वर न करता ते म्हणाले, "तुम्हाला कायम व्हायचंय ना?"

हरकतींसाठी आठ दिवसांची मुदत होती. तशी नोटीस कचेरीच्या दारावर डकवली होती. कामाच्या वेळात दार उघडं असे, त्यामुळे नोटीस भिंतीकडे तोंड करून असे. त्या आठ दिवसांत मी रोज संध्याकाळी तात्यांच्या दारावरून गेलो. एकदा त्यांनी बोलावून चहा पाजला.

"झालं का काम?"

"झालं," मी म्हणालो.

तात्या थोडक्यात पडले. आमच्या ओळीची मतं तेवढं अंतर सहज भरून काढती. ती मतं एका अडत्याला गेली. त्याने आमची गल्ली कधी पाहिली नव्हती. पण निवडून आल्यावर हारतुऱ्यांसह वाजतगाजत ती पाहून गेला. उन्हाळ्याचे दिवस होते, गल्ली कोरडी होती.

त्याच आठवड्यात तात्या माझ्या ओट्यावर येऊन बसले. समोरून त्यांची बायको ओरडली, "बसा आता तितंच! गेलते बांध शिकवाया!"

"खरं हाय तिचं," तात्या म्हणाले. "तुमचा काय दोष न्हाय. म्याच सांगितलं, मधनं घ्या."

माझा कायम झाल्याचा हुकूम त्याच दिवशी आला होता. तो माझ्या खिशात होता.

"असं मनाला लावून घेऊ नका, तात्या," मी म्हणालो. "तुम्हाला काय माहीत होतं?"

त्यांना ते बरं वाटलेलं दिसलं.