गार झालेला चहा

काल यंदाची पगारवाढ सांगायला मॅनेजरबाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं. चहा आला. त्या फोनवर बोलत राहिल्या आणि माझ्यासमोरच्या कपावर हळूहळू साय धरली. ती सुरकुतलेली साय बघून अण्णा आठवले.

अण्णा म्हणजे माझे वडील. कारखान्याच्या युनियनमध्ये होते. पगारवाढीच्या बोलणीला ते आणि त्यांचे सोबती आत जात, तेव्हा एक रिवाज कसोशीने पाळत: करार ठरेपर्यंत मालकाच्या चहाला हात लावायचा नाही. कप येत, गार होत, तसेच परत जात. अण्णा घरी आले की आई एवढंच विचारायची, "चहा घेतलात का?" मालाला मागणी होती तोवर ते हसून म्हणत, "घेतला. साखर जरा जास्तच होती."

मग मंदी आली, कारखान्याला टाळं लागलं. शेवटच्या बोलणीहून आले तेव्हा अण्णा चप्पल न काढताच दारात उभे राहिले. आईने विचारलं.

"आज त्यांनी चहा ठेवलाच नाही," ते म्हणाले.

नाकारायलासुद्धा समोर कुणीतरी काहीतरी ठेवावं लागतं. कारखाना पुन्हा उघडला नाही.

केबिनमध्ये माझ्या बाजूच्या बाकीच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. आता बोलणी नसतातच, नुसतं सांगणं असतं. "घ्या ना," बाई म्हणाल्या, आणि आकडा ऐकायच्या आधीच मी कप तोंडाला लावला. साय ओठाला चिकटली.

आईला जाऊन कितीतरी वर्षं झाली. तरी संध्याकाळी घराचं कुलूप उघडायला माझा हात धजेना. वाटलं, आत ती उभी असेल, आणि विचारेल.