पुंजाजीचा डबल टायर

महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा डोणगावात म्हणे वीज येणार होती. ती आली नाही, सायकली मात्र आल्या, आणि वाटेवरच्या सराट्याच्या काट्यांची चंगळ झाली. बांधावर बाभळी, गाडीवाटेला सराटे. नवा टायर पंधरा दिवस टिकला तर मालकानं पेढे वाटायचेच बाकी राहायचे. त्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या पुंजाजीनं इलाज काढला होता. जुन्या टायरच्या कडांमधल्या तारा काढायच्या, उरलेला पट्टा नव्या टायरच्या आत घालायचा, त्याच्या आत ट्यूब, आणि हे सगळं रिमवर चढवायचं. चढवणं खायचं काम नव्हतं. शेवटची वीतभर कड काही केल्या आत जात नसे. पुंजाजी तिला साबणाचं पाणी लावी, चाक गुडघ्यांत दाबून धरी आणि दात-ओठ खात अंगठ्यांनी ती आत लोटी. असा टायर बाभळीच्या काट्याला भीक घालत नसे.

पट्ट्याची टोकं जिथं एकमेकांवर येत, तिथं टायर जरा फुगीर राही. चाक फिरलं की तेवढ्या जागी ‘ठप्’ असा आवाज येई. प्रत्येकाचा ठोका निराळा. पुंजाजी मान वर न करता सांगे, कारभारी चालला, उत्तमराव आला.

हुन्नर होता तसा ताठाही होता. दुसरे लोक टायर काढताना लोखंडी पट्ट्या खुपसून ट्यूब फाडतात आणि नाव आपलं खराब होतं, म्हणून तो प्रत्येक गिऱ्हाइकाला दम भरी, “माह्या टायरले दुसऱ्यानं हात लावला, तर मंग माह्या दुकानात येऊ नोका.” एकदोघांना त्यानं खरोखरच दारातून परत लावलं होतं. बाकीचे शहाणे झाले.

मोतीराम माळी तर त्याचा लहानपणापासूनचा सोबती. मळ्यातली वांगी-मिरच्या सायकलला बांधून तो मेहकरच्या बाजाराला जाई. गेल्या वैशाखात परत येताना वाटेत त्याच्या मागच्या चाकातली हवा गेली. रिकामी सायकल ढकलत तो भर उन्हात निघाला आणि गावाच्या अलीकडे एका निंबाखाली बसला, तो उठलाच नाही. ऊन लागलं, लोक म्हणाले. सायकल नीट झाडाला टेकून ठेवलेली होती.

तेरवीला फाट्यावरचा पंक्चरवाला आला होता. जेवताना तो म्हणाला, “म्या म्हनलं, आन भाऊ, पाह्यतो. तर म्हने, नाई, पुंजाजी रागावते.”

पुंजाजीच्या हातातला घास हातातच राहिला.

तेव्हापासून दुपारचा रस्ता ओस पडला की त्याला ठोका ऐकू येई. ठप्... ठप्... ढकलत आणलेल्या सायकलचा, जड, मोतीरामचा. आवाज मेहकरच्या अंगानं येई, दुकानासमोर हळू होई आणि तिथंच थांबे. पुंजाजी मान वर करत नसे. एकदा केली होती, तर रस्त्यावर नुसतं ऊन होतं. त्यात आणखी एक किडा डोकं पोखरत होता. काटा तर आपल्या टायरमधून जात नाही, मग हवा गेली कशी? आपण कापलेल्या पट्ट्याच्या टोकानंच ट्यूब चिरली असेल. मोतीरामची सायकल त्याच्या घरी भिंतीला उभी होती आणि तिच्यात काय आहे ते पाहायची पुंजाजीची छाती नव्हती.

वर्षश्राद्ध झालं आणि मोतीरामची बायको वच्छलाबाई ती सायकल ढकलतच दुकानावर आली.

“भाऊ, हे चालती करून देता काय? मले बसता येत नाही, पन माल लादून ढकलत नेईन. पाटी वाहून वाहून मान गेली माही.”

“हाव वयनी,” पुंजाजी म्हणाला. त्यानं सायकल आत घेतली.

सवयीनं त्याचा हात आधी वाल्वकडे गेला. फिरकी काढली, वाल्व उपसला. त्यावरची, हवा अडवून धरणारी रबराची इवलीशी नळी उभी फाटली होती. वर्षभर पडून फाटली असेल, तो मनाशी म्हणाला. नवी नळी घातली, पंप मारला. चाक टणक झालं आणि टणकच राहिलं.

“झालं?” वच्छलाबाईनं विचारलं.

त्यानं हवा सोडली आणि टायर उघडायला घेतला. आता पाहिल्याशिवाय त्याला सुटका नव्हती. ट्यूब बाहेर काढून, हवा भरून पाण्याच्या घमेल्यात वीत वीत फिरवली. एक बुडबुडा नाही. पट्ट्यात बाभळीचा एक काटा रुतून मोडला होता, पण ट्यूबपर्यंत पोचला नव्हता. टायरनं आपलं काम चोख केलं होतं. पुंजाजीनं बाजूला पडलेली फाटकी नळी उचलली.

“काय निघलं, भाऊ? काटा?”

होय म्हणता आलं असतं. काटा होताही समोर.

“काटा नाही, वयनी. हे.” त्यानं फाटकी नळी तळहातावर ठेवली. “हे बदलायले टायर काढाच लागत नाही. फाट्यावरच्यानं उभ्या उभ्या बदलली असती. पन माह्या धाकानं मोतीरामनं त्याले हात लावू देला नाही.”

वच्छलाबाई त्या नळीकडे पाहत राहिली. मग पदर खोचून चाकापाशी बसली.

“टायर बसवा. मंग मी काढीन.”

“वयनी, हे घट्ट असते, तुमच्यानं...”

“बसवा म्हनलं ना.”

त्यानं बसवला. नेहमीसारखाच, कडक. तिनं साबणाचं पाणी लावलं, त्यानं केलं तसं चाक गुडघ्यांत धरलं आणि लोखंडी पट्ट्या कडेखाली सारल्या. एकदा हात घसरला, बोट सोलवटलं. दुसऱ्यांदा कड उचलली आणि सगळा टायर भसकन बाहेर आला. ट्यूबला ओरखडाही नव्हता.

“निघते की,” ती म्हणाली. “हात लावू नोका म्हनून काऊन सांगत होते मंग सगळ्यायले?”

त्यानं टायर पुन्हा चढवला, हवा भरली, दोन पट्ट्या आणि साबणाची वडी तिच्या पिशवीत टाकली. ती घेऊन वच्छलाबाई निघाली. मागचं चाक ठोका देऊ लागलं. ठप्... ठप्... या वेळी पुंजाजीनं मान वर करून पाहिलं. ती मळ्याच्या वळणाआड गेली. तिचा ठोका विरला तरी तो कान देऊन उभा होता, आणि मेहकरच्या अंगानं मोतीरामचा जड ठोका दुकानाकडे येतच होता.