सात सीटच्या गाडीत एकच माणूस

"मॅडम, तुमच्या पायाशी पन ब्रेक हाय ना?" मागच्या सीटवरून सानिकाच्या काकांनी विचारलं.

"नाही. ही तुमची गाडी आहे, क्लासची नाही."

काकांनी पुढच्या सीटची पाठ घट्ट धरली.

मी बदलापूरला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. बी.कॉम. होऊन नोकरी शोधत होते, तेव्हा स्कूलच्या मालकांनी, आमच्या सरांनी, विश्वासाने हातात स्टिअरिंग दिलं. ते उपकार मी विसरणार नाही. क्लासच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी जादा ब्रेक असतो. लायसन्स आलं की तो आधार संपतो. म्हणून मी नव्या मुलांना सांगते, पहिला महिना गाडीत सोबत एकच माणूस घ्या. कायद्यात असं काही नाही. सीट असतील तेवढी माणसं चालतात. पण अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरामागे पाच जण बोलायला लागले की त्याचं लक्ष रस्त्यावर राहत नाही.

पालेगावच्या सानिकाचं लायसन्स नुकतंच आलं होतं. त्यांच्याकडे नवी गाडी आधी गावदेवीला नेतात. तेव्हा घरातलं वडीलधारं कोणी मागे राहिलं तर वर्षभर रुसवा. मी माझा नियम सांगून पाहिला, पण वडिलांची अट ठरलेली होती. "सगल्यांना देवलात नेलंस तर चावी तुझी. नायतर गाडी तुझा चुलतभाऊ चालवल." सानिकाने हात जोडले, म्हणून मी शेजारी बसले.

देवळाच्या अलीकडे चढ आहे. चढावर हाफ क्लच लागतो, म्हणजे क्लच अर्धाच सोडून गाडी मागे न घसरता पुढे काढायची. नेमका तिथेच समोरून पाण्याचा टँकर आला. सानिकाने थांबून त्याला जाऊ दिलं. मग सुरू झालं.

"फर्स्ट टाक, फर्स्ट!" वडील.

"हॉरन मार गो!" आत्या.

"आरशात बघ आधी," काका.

"अरे, पोरीला श्वास तरी घेऊ द्या!" आई ओरडली, सगळ्यांत मोठ्याने.

गाडी बंद पडली. पुन्हा बंद पडली. जराशी मागे घसरली. सवयीने मी पाय दाबला. खाली नुसतं मॅट होतं.

सानिकाने हँडब्रेक ओढला. "सगळे उतरा."

"काय?" वडील म्हणाले.

"उतरा, बाबा. देवळात चालत या."

मला वाटलं, गेली चावी. पण वडील दार उघडून उतरले, आणि त्यांच्यामागे बाकीचे. आजी मात्र हलली नाही. "मी नाय उतरत. गप बसन."

"मॅडम, तुम्ही पण," सानिका म्हणाली. "एकच माणूस ना?"

गाडीतून कोणी उतरवल्याचा मला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

गाडी एका दमात चढली. मागे आमची वरात निघाली. काकांच्या हातात नारळ, आत्याच्या हातात ओटीचं ताट. नव्या बिल्डिंगच्या वॉचमनने विचारलं, "किसकी शादी है?"

"गाडीची!" आत्या म्हणाली. मग हसता हसता सगळ्यांनाच धाप लागली.

देवळासमोर गाडी सरळ रेषेत उभी होती. वडिलांनी गाडीभोवती एक फेरी मारली. कुठे ओरखडा नाही. "आई, तू काय बोललीस हिला?" त्यांनी आजीला विचारलं.

"काय नाय. देवीचं नाव घेतलं, ता पन मनात."

वडिलांनी चावीचा विषयच काढला नाही. एवढंच विचारलं, "पुढच्या येलेला हिच्याबरोबर बसायचा नंबर कोनाचा?" त्यावर काका आणि आत्याची देवळातच जुंपली.

हल्ली शेवटच्या क्लासला मी घरच्यांनाही बोलावते. मुलं चढावर गाडी काढायला शिकलेली असतात. घरच्यांना उतरायला शिकवावं लागतं.