अंगठ्याला बांधलेली दोरी

गुंगीमावशीचं खरं नाव वस्तीत कुणाला ठाऊक नव्हतं. तिच्या खांद्यावर गेलेलं मूल घटकाभरात गुंगतं, म्हणून हे नाव पडलं. तीस वर्षं ती लोकांची मुलं निजवत आली होती. संध्याकाळी सातला दारात हजर. हात धुवायचे, दिवा मंद करायचा, दूध प्यायलेल्या मुलाला ढेकर येईतो थोपटायचं. गाणं असं नव्हतंच, नाकातल्या नाकात एक लांब हुंकार. मूल अर्धवट जागं असतानाच ती त्याला पाळण्यात उताणं ठेवी. "झोप त्याची त्याला सापडते. आपण मध्ये लुडबुडायचं नाही," म्हणे.

दोन वर्षांपूर्वी तिला ऐकू येणं कमी झालं. आधी कुकरची शिट्टी गेली, मग दारावरची थाप. ओठांकडे बघून ती बोलणं ओळखायला शिकली आणि कुणाला काही बोलली नाही. बहिऱ्या बाईच्या हाती तान्हं कोण देणार? पण रात्री अंधारात ओठ कुठले दिसायला! मग तिनं युक्ती काढली. पाळण्याच्या कडेला सुती दोरी बांधायची आणि दुसरं टोक आपल्या पायाच्या अंगठ्याला. मुलानं पाय झाडले की अंगठा ओढला जाई, ती उठे. आया कौतुकानं म्हणत, "मावशीला बाळाच्या आधी जाग येते."

यंदा ती पावाच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या एका बाईकडे जात होती. नवरा दूरगावी कामाला, पदरात आठ महिन्यांची मुलगी.

एका सकाळी सहाला ती बाई घरी आली, तर मागोमाग खालच्या मजल्यावरचा शिंपी वर आला.

"काय मावशी, रात्री कानात कापूस घातला होता का? दोन तास पोर कण्हत होती, फळ्यांतून सगळं खाली ऐकू येतं. मला डोळ्याला डोळा लागला नाही."

"दात येताहेत," मावशी म्हणाली. "घेतलं होतं मी तिला."

"घेतलं असतं तर गप्प झाली नसती? तुमच्या हाताचा गुण आम्ही ऐकून आहोत," असं म्हणून शिंपी जिना उतरला.

आईनं मुलीला उचललं आणि तिचा चेहराच उतरला. पोर तव्यासारखी तापली होती. तापानं गळून गेल्यामुळे तिनं रात्रभर हातपाय हलवलेच नव्हते. दोरी ढिलीच राहिली होती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंच्या तोंडावर मास्क होता. त्या काहीतरी विचारत होत्या. मावशीला फक्त त्यांचे डोळे दिसत होते.

आईनं तिच्या दंडाला हात लावला. "मावशी, त्या विचारतायत, ताप कधी चढला? उलटी झाली का? झटका आला का? तुम्ही जाग्या होतात ना."

तीस वर्षांचं उत्तर जिभेवर तयार होतं : दोनदा उठली, दूध प्यायली, झोपली. तेवढं बोललं की निभावलं असतं. तपासणीच्या टेबलावर मुलगी डोळे अर्धवट मिटून पडली होती. त्या उत्तरावरून तिला औषध मिळणार होतं.

"मला ठाऊक नाही," मावशी म्हणाली. "मला ऐकू येत नाही."

डॉक्टरीणबाईंनी नर्सला बोलावलं. मुलीला संध्याकाळपर्यंत दवाखान्यात ठेवायचं ठरलं.

बाहेरच्या बाकावर आईनं विचारलं, "कधीपासून?"

"दोन वर्षं."

"म्हणजे हिच्या जन्माच्याही आधीपासून." आई म्हणाली. "तुमच्या भरवशावर मी कारखान्यात उभी राहत होते, मावशी. डोळ्यांत तेल घालून राखाल म्हणून."

"डोळ्यांत घातलं होतं गं. कानाचं सांगायची हिंमत झाली नाही. सांगितलं असतं, तर ठेवलं असतंस मला?"

आईनं मावशीच्या मांडीवरची दुपट्यांची पिशवी काढून घेतली आणि भिंतीकडे बघत काहीतरी पुटपुटली.

गेल्या दोन वर्षांत कुणालाच म्हटलं नव्हतं, ते मावशी आता म्हणाली. "इकडे तोंड करून बोल, बाळा. कळलं नाही मला."

आई वळली. डोळे पुसून, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "आज रात्री येऊ नका. उद्याचं... उद्याचं मला माहीत नाही. रजा किती मिळेल, तेही माहीत नाही."

मावशीनं मान हलवली. पण ती बाकावरून उठली नाही.