डोंगरावरचं नगर आणि देवीचा कौल

ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरीच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवत होतो. भाद्रपद सरत आला की रविवारी चार-पाच विद्यार्थी घेऊन अलोऱ्यापलीकडचा एक डोंगर चढायचो. माथ्यावर मध्ययुगीन नगराचे अवशेष होते. दाभोळला उतरलेला माल ज्या घाटवाटेने बैलांच्या पाठीवरून देशावर जायचा, त्या वाटेच्या टोकाशी हे नगर वसलेलं. चौथरे, टाकी आणि एका अंगाला ओळीने लहान खोल्यांचे पाये. तिथे लांबलांबचे विद्यार्थी राहून व्याकरण, वैद्यक, ज्योतिष शिकत, असं पायथ्याच्या गावात सांगत. मलाही ते पटत होतं.

वर धुकं असायचं. ते सरकलं की गवतातली निळी फुलं दिसायची, मग एखादी पायरी, मग टाक्यातलं काळं पाणी. बोलणं आपोआप हळू व्हायचं. कुणीतरी पलीकडे पाठांतर करतंय आणि आपण उशिरा पोचलोय, असं मला वाटत राही.

पायथ्याच्या गावातली एक मुलगी माझ्या बी.ए.च्या वर्गात होती. नगराचा नकाशा तीच काढायची. एकदा खोल्यांचे पाये मोजताना तिने विचारलं, "सर, मुलींचं वसतिगृह कुठे असेल?"

"तुझ्यासाठी बांधायचं राहिलं गो!" एक मुलगा ओरडला.

"तरीच पडलं तुमचं नगर," ती म्हणाली, आणि टेपचं टोक त्याच्याच हातात देऊन पुढे गेली.

तिला कोल्हापूरला जाऊन एम.ए. करायचं होतं, याच नगरावर. घरी एवढा मोठा निर्णय देवीला विचारल्याशिवाय होत नसे. वडिलांनी मलाही बोलावलं. दुपारच्या वेळी देवळात आम्ही तिघेच होतो: ते, गुरव आणि मी. गुरवाने गाऱ्हाणं घातलं आणि देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. समईची ज्योत हलत नव्हती. आम्ही कितीतरी वेळ नुसते बघत राहिलो. मग उजवी कळी अलगद सुटली.

"देवीन् सोडलान तिला," वडील डोळे पुसत म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "सर, आता तुमी काय म्हन्ताव?"

ती केवळ रीत होती. पाहुण्याने "जाऊ दे" म्हणायचं आणि नारळ फोडायचा. पण याच नगरावरचा माझा पीएच.डी.चा प्रबंध अर्धा होता आणि नकाशा तिच्याशिवाय पुरा होणार नव्हता. मी म्हणालो, "जाईल की. पण एक वर्ष थांबली तर बरं. इथलं काम पुरं होऊ दे."

देवीला शाळा-कॉलेजातलं काय कळणार, सरांना कळतं, असा वडिलांनी हिशेब केला असावा. घरी जाऊन त्यांनी डावा कौल झाल्याचं सांगितलं. देवीने सोडलेल्या मुलीला मास्तरांच्या शब्दावर थांबवलं, हे त्यांना सांगता आलं नाही. गुरवालाही त्यांनी तसंच सांगायची गळ घातली असणार. डाव्या कौलाचं मला पुढच्या रविवारी तिच्याकडूनच कळलं. "देवीच नको म्हणाली, सर," ती म्हणाली आणि दोरी ताणून धरली. मी मोजमाप लिहून घेतलं.

नकाशा पुरा झाला. वैशाखात तिचं लग्न झालं. मला पदवी मिळाली.

पुढे त्या गावात मुलीला घाटावर शिकायला पाठवायचा विषय निघाला की म्हातारी माणसं म्हणत, "आपली देवी पोरींना सोडत नाय." मी त्यांच्या ओट्यांवर चहा प्यायलो आहे, आणि हे ऐकून काही बोललो नाही. आता वडीलही नाहीत, गुरवही नाही. म्हणून लिहितो: त्या दुपारी देवळात उजवी कळी पडली होती. नको म्हणालो तो मी. आणि पदवी मिळवून देणारा तो नकाशा तिने काढलेला आहे. हा कागद पहिल्यांदा तिला पाठवणार आहे, आणि मग गावच्या देवळात वाचायला देणार आहे.