जावईबापूंची पोथी

फोन वाजला तेव्हा मी दाढी करत होतो. पलीकडे माझा मेहुणा, अकोल्याहून. त्यानं "हॅलो" म्हणायच्या आत मी विचारून टाकलं, "काय, तिकीट झालं का?" सासूबाई पुढच्या आठवड्यात जयपूरला परत यायच्या होत्या, त्यामुळे मला दुसरं काही सुचलंच नाही. तो बोलेना, तेव्हा मी आणखी उत्साहानं त्याला बजावलं, की बर्थ खालचाच घे, वरचा मिळाला तर त्या हट्टानं चढतील आणि उतरवायला स्टेशनमास्तर बोलवावा लागेल. मग तो कसाबसा म्हणाला, "आई गेली..." आणि मी, तोंडाला फेस फासलेला हा शहाणा माणूस, म्हणालो, "कोणत्या गाडीनं?"

या वाक्याबद्दल बायकोनं मला अजून माफ केलेलं नाही. सासूबाईंनी केलं असतं. पदर तोंडाला लावून त्या अंग हलवत हसल्या असत्या आणि शेजारीपाजारी सांगत सुटल्या असत्या. गेल्या काही वर्षांत त्यांच्या करमणुकीचे विषय दोनच उरले होते. एक प्रेमाच्या कादंबऱ्या आणि दुसरा मी.

विमा कंपनीच्या नोकरीनं मला जयपूरला आणून टाकलं होतं आणि विद्याधर नगरात आमचं बिऱ्हाड होतं. सासूबाई आल्या त्या डोळे दाखवायला. तपासण्या झाल्या, औषधं झाली, आणि शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की नजर आता एवढीच राहील. माणसं दिसतील, पण अक्षरं दिसणार नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "उलटं झालं असतं तर बरं होतं." डॉक्टरांना मराठी येत नव्हतं, म्हणून निभावलं. पण त्यात गंमत थोडी आणि खरं जास्त होतं. अकोल्याच्या वाचनालयात प्रेमकथांचं कपाट त्यांनी दोनदा वाचून काढलेलं होतं. सून देवपूजेला फुलं काढून ठेवी, तशी तिथली बाई यांच्यासाठी नवी कादंबरी बाजूला काढून ठेवत असे. ते आता बंद झालं होतं.

दुसरी अडचण अशी, की लेकीच्या घरी पाहुणी म्हणून यावं, मुक्काम ठोकू नये, हे त्यांचं पक्कं होतं. जावयाच्या घरचं पाणीसुद्धा त्या जरा बेतानं पीत. डोळ्यांचं झालं, आता निघते, असं त्या रोज म्हणायच्या. फक्त बरोबर आणलेली कादंबरी अर्धी राहिली होती. "एवढी कोणी वाचून द्या," त्या म्हणाल्या, "संपली की जाते." नीलिमाला, म्हणजे माझ्या बायकोला, असल्या पुस्तकांचा कंटाळा. तिची शाळा, तिच्या उत्तरपत्रिका. त्यामुळे काम माझ्या गळ्यात पडलं. कबूल करायला हरकत नाही, 'संपली की जाते' हे शब्द मला तेव्हा फार गोड वाटले होते. मी मेल गाडीसारखा सुटलो. पाचेक पानं झाली असतील, तेव्हा त्यांनी हात वर केला. "जावईबापू, तुम्ही वाचून राहिले का गाडी पकडून राहिले?"

ती कादंबरी संपली तरी त्या गेल्या नाहीत, कारण माझ्याच हातून एक घोटाळा झाला. सौजन्य दाखवायला म्हणून मी म्हणालो, "आणखी असती तर वाचली असती हो, पण इथे मराठी पुस्तकं कुठली?" त्यांनी लगेच सांगितलं, इंग्रजी आणा, वाचता वाचता मराठीत सांगा. शास्त्री नगरात जुन्या पुस्तकांचं एक दुकान होतं. तिथे मुखपृष्ठावर शर्टाची बटणं लावायला वेळ न मिळालेले गृहस्थ वाऱ्यात उभे होते आणि त्यांच्या दंडावर एकेक बाई रेलून होती. मी इकडंतिकडं बघत दुकानदाराला हळूच म्हणालो, "भैया, सास के लिए चाहिए." त्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "सर, बीवी के लिए तो सब बोलते हैं. सास के लिए पहली बार सुना."

घरी येऊन मी पुस्तकाला खाकी कव्हर घातलं आणि बैठकीला सुरुवात केली. आधी त्यांनी मला शेवटचं पान बघायला लावलं. शेवट गोड आहे ना, एवढी खात्री झाल्याशिवाय त्या पहिलं पान ऐकत नसत. मी म्हणालो, आई, शेवट कळल्यावर मजा काय राहिली? त्यावर त्या म्हणाल्या, लग्नाला जातो तेव्हा नवरानवरी एकमेकांना माळ घालणार हे ठाऊकच असतं, म्हणून आपण घरी बसतो का? मजा मधल्यात असते. मी ते मनावर घेतलं नाही. मला सारख्याच गोष्टी आणि सारखीच माणसं दिसत होती. त्यांना मात्र प्रत्येक वेळी नवी काळजी लागे, की आता हा गैरसमज मिटणार कसा.

पुस्तकात एक गुरांचा डॉक्टर होता आणि एक बेकरीवाली. भांडण, पाव, पुन्हा भांडण असं ठीक चाललं होतं, आणि मग त्यानं तिला जवळ ओढलं. आता मला सांगा, सासूसमोर मांडी घालून बसलेल्या जावयानं ते पुढचं वाक्य कोणत्या तोंडानं पुरं करायचं? मी घसा साफ केला आणि म्हणालो, "आणि मग दोघांनी चहा घेतला." युक्ती जमली. पुढे दर दहा-पंधरा पानांनी चहा होऊ लागला. बागेत झाला, गाडीत झाला. मग एकदा बर्फ पडत असताना, तबेल्यात, घोडीचं बाळंतपण आटोपून दोघांनी चहा घेतला, तेव्हा सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "जावईबापू, तबेल्यात गॅस कुठून आला?"

"थर्मास होता," मी म्हणालो.

"असं. अन् थर्मासमधल्या चहानं तिचे गाल इतके लाल झाले?" मी पुस्तकात डोकं खुपसलं. "हे पाहा, माझं वय झालं आहे अन् तुमचं लग्न झालं आहे. जसं लिहिलं तसं वाचा."

त्यानंतर मी जसं लिहिलं तसं वाचू लागलो, फक्त अशा ठिकाणी माझा आवाज आपोआप सत्यनारायणाच्या कथेसारखा होई. यातूनच पुढचा प्रकार घडला. थंडीत आम्ही छतावर उन्हात बसायचो. सासूबाई शाल पांघरून खुर्चीवर, मी सतरंजीवर, मध्ये तिळगुळाच्या गजकाची बशी, हातात खाकी कव्हराचं पुस्तक. शेजारच्या छतावर भाभीजी कपडे वाळत घालत. सुट्टीच्या दिवशी जावई सासूला काहीतरी संथ सुरात वाचून दाखवतोय आणि ती डोळे मिटून ऐकतेय, हे त्यांनी काही दिवस पाहिलं. एके दुपारी त्या आमच्या छतावर आल्या, चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडून सतरंजीच्या कडेला बसल्या. त्या वेळी गुरांचा डॉक्टर बेकरीवालीच्या पाठीवरून हात फिरवत होता. मला थांबताही येईना. परिच्छेद संपल्यावर भाभीजींनी हळूच विचारलं, "माताजी, कौन सा पाठ चल रहा है?" सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या, "बहुत पुराना है जी. सृष्टी के आरंभ से चला आ रहा है." भाभीजींनी पुस्तक माझ्या हातातून घेऊन कपाळाला लावलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून बेसनाचे लाडू आले, आणि गल्लीतल्या समस्त जावयांना माझं उदाहरण देण्यात येऊ लागलं.

मग त्या दुकानदारानं मला तीन भागांतल्या एका जादूच्या कादंबरीचा पहिला भाग दिला. तिच्यात मिठाच्या खाणींचं राज्य होतं, नकाशे काढणारी एक मुलगी होती, आणि शापामुळे दिवसा पक्षी होणारा राजपुत्र. पक्षी नेमका बगळा. सासूबाईंना ते पसंत पडेना. नायक अन् बगळा? तिनं त्याच्याकडे बघायचं तरी कसं? मी म्हणालो, लेखिकेनं बगळाच लिहिलंय. त्या म्हणाल्या, तिला मराठी येत नाही, तुम्हाला येतं ना... तर आमच्या घरी तो राजहंस झाला. पहिला भाग मी झपाट्यानं संपवला, दोन दोन पानं एकदम उलटत. पानं उलटल्याचा आवाज त्यांना बरोबर कळायचा, पण त्या वेळी त्या काही बोलल्या नाहीत. ठरल्याप्रमाणे पिशवी भरली आणि अकोल्याला निघून गेल्या.

मी मोकळा झालो. पहिल्या रविवारी छतावर गेलो, उन्हात बसलो, गजक खाल्ला, आणि खाली आलो. दुसऱ्या रविवारी मी दुसरा भाग आणून एकटाच उघडला. राजहंसाला पारध्याचा बाण लागतो, आणि मुलगी नकाशा घेऊन त्याला शोधायला निघते. मी पुस्तक मिटून नीलिमाला विचारलं, तुला काय वाटतं, सापडेल का गं तो? ती वर न बघता म्हणाली, "भाजी निवडून दे." विम्याचे दावे फेटाळणारा पन्नाशीचा अधिकारी, आणि बगळ्याच्या काळजीनं माझं गवारीकडे लक्ष लागेना. संध्याकाळी मी अकोल्याला फोन लावला.

"आई, दुसरा भाग आलाय."

"किती जाड आहे?"

"बराच."

"मग येते," त्या म्हणाल्या.

त्या आल्या, आणि मी पोथी सावकाश लावू लागलो. कधी घसा बसायचा, कधी चष्मा सापडायचा नाही, कधी नदीचं वर्णन मी पदरचं घालून दुप्पट करायचो. त्यांच्या लक्षात येत नव्हतं असं मी समजत होतो. "काहून हो, ही नदी कालपासून वाहूनच राहिली," एवढंच त्या एकदा म्हणाल्या. त्याच दिवसांत मी त्यांना विचारलं, की आई, तुम्हाला यात इतकं काय आवडतं? मला वाटलं, हसण्यावारी नेतील. त्यांनी शाल नीट ओढून घेतली. पतंगांचे दिवस होते. साऱ्या छतांवरून आरडाओरडा चालला होता.

"तुमचे सासरे चांगले होते," त्या म्हणाल्या. "कधी आवाज चढवला नाही, काही कमी पडू दिलं नाही. पण तुला काय वाटतं, असं त्यांनी मला कधी विचारलं नाही. सवयच नव्हती तेव्हा. या पुस्तकातले पुरुष बापडे पाच पाच पानं तेच विचारत बसतात. बरं वाटतं ऐकून."

मी पुढे वाचायला लागलो. पण त्यानंतर प्रकरण संपलं, की मी त्यांना विचारू लागलो, आई, तुम्हाला काय वाटतं? आणि त्या सांगत. खूप सांगत.

अशी काही वर्षं गेली. पुस्तक संपलं की त्या अकोल्याला जायच्या, नवं लागलं की यायच्या. जादूच्या कादंबरीचा तिसरा भाग मात्र त्या दुकानात कुठे सापडेना. या हिवाळ्यात तो एकदाचा मिळाला. आम्ही तो महिनाभर पुरवला. शेवटचं पान वाचलं तेव्हा नीलिमाही छतावर होती, मिरच्या वाळत घालत. सासूबाईंनी ते पान माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं आणि नात्यातल्या एका लग्नासाठी त्या अकोल्याला गेल्या...

तेराव्याचे पाहुणे पांगल्यावर आम्ही अकोल्याच्या घरी त्यांच्या खोलीत बसलो होतो. मेहुण्याची बायको, सुलभावहिनी, कपाटातल्या साड्या काढून नीलिमापुढे ठेवत होती. अबोल, कामसू बाई. सासूबाईंचं पथ्यपाणी, औषधं, सगळं तिनं न सांगता केलं. तिनं मध्येच हातातली घडी खाली ठेवली.

"भाऊजी, एक विचारू? ते नात्यातलं लग्न आटोपल्यावर मी आईंना म्हटलं, आता उन्हाळाभर राहा. तर म्हणाल्या, नाही गं, जावईबापूंकडे पुस्तक अर्धं राहिलंय, दोन प्रकरणं. मी म्हटलं, मागवून घेऊ, मी वाचून दाखवते. तर तेही नको. मला रात्रंदिवस तेच येतं मनात. खरंच राहिली होती का दोन प्रकरणं?"

मी नीलिमाकडे पाहिलं. शेवटचं पान दोनदा ऐकलेली ती साडीच्या काठावरून बोट फिरवत होती. एक मात्र मला कळून चुकलं. इतकी वर्षं नद्या वाढवून, घसे बसवून मी त्यांना अडकवून ठेवत होतो असं मला वाटत होतं, आणि त्या माझ्याहून सरस थाप मारून येत होत्या.

"दोन नाही वहिनी," मी म्हणालो, "तीन. चांगली मोठी मोठी."

"आणि शेवटचं ते लहानसं वेगळंच," नीलिमा म्हणाली. आमच्या संसारात तिनं माझ्या थापेला पुस्ती जोडली ती ही एकदाच.

वहिनीनं आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "मग ती नकाशेवाली शेवटच्या पानावर राजहंसाला काय म्हणते, ते त्यांना कुठून ठाऊक? माझ्या ओट्याशी बसून त्यांनी मला सगळं सांगितलंय. तिन्ही भाग."

पकडलं जायची सवय मला होती. इथे मात्र मान वर करवेना. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी तोंड उघडलं, तर तिनं हातानंच थांबवलं.

"राहू द्या भाऊजी. एका पुस्तकापायी मला सोडून जातात, म्हणून मी रुसून असायची. माणसांपायी जात होत्या ना... मग ठीक आहे."

तिनं साड्या बाजूला सारल्या आणि आमच्या शेजारी जागा करून बसली. आम्ही तिघं सासूबाईंच्या पलंगावर ओळीनं बसलो होतो, आणि बराच वेळ कोणी उठलं नाही.